उजेड वजा करून

"बाबा, हात जरा वर घ्या. गालाला लावू नका, पण अगदी शेजारी."

मधुकरराव खुर्चीमागून वाकले आणि त्यांनी उजवा हात सगुणाच्या गालाशेजारी धरला. पंजाची पाठ कॅमेऱ्याकडे, बोटं जुळवलेली. सगुणाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या हाताकडे पाहिलं आणि खांदे आखडून घेतले. तिची मासळीची पाटी दाराबाहेर ओल्या फडक्याखाली झाकलेली होती आणि सोसायटीचं मांजर पाटीभोवती घुटमळत होतं.

"दुखनार नाय ना गो बाय?"

"काही दुखत नाही, सगुणाबाई. फक्त समोर बघा."

"मंग यांचा हात कशाला?"

"साक्षीदार म्हणून," मधुकरराव गंभीरपणे म्हणाले.

क्षिप्राने कळ दाबली. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चित्र गोठलं. सगुणाचा चेहरा, मागे हिरवट करड्या रंगाचं लोखंडी कपाट आणि गालाशेजारी मनगटापर्यंतचा एक हात. सगुणा उठून पडद्याजवळ आली, डोळे बारीक करून पाहत राहिली.

"नुसता हातच हाय. मानूस कुठं गेला?"

"मी इथे आहे," मधुकरराव मागून म्हणाले, तशी ती दचकली आणि हसत हसत पाटी उचलायला गेली.

नेरूळच्या त्या दोन खोल्यांत पौषापासून दर रविवारी सकाळी अशी हजेरी भरत होती. क्षिप्रा एम. ई. करत होती. कॅमेऱ्यासमोर काहीही येवो, त्यात माणसाचा चेहरा कुठे आहे हे कॉम्प्युटरला आपलं आपण सापडलं पाहिजे, हा तिचा विषय. कॉम्प्युटरला नाक-डोळे कळत नाहीत, रंगांचे आकडे कळतात. तेव्हा आधी कातडी शोधायची, चेहरा आपसूक सापडतो. त्यासाठी कातडीचा रंग म्हणजे नेमकं काय ते त्याला शिकवायला हवं होतं, आणि शिकवायला माणसं हवी होती. पुस्तकांतली चित्रं परदेशातल्या माणसांची. मग तिने सोसायटीलाच खुर्चीवर बसवलं. शेजारच्या बिल्डिंगमधले, वाशीच्या मार्केटात हमालांचे मुकादम असलेले बाबासो, त्यांची बायको शालन, तळमजल्यावरचे सितारामकाका, रविवारी मासळी घेऊन येणारी सगुणा, आणि घरचे तिघं.

तिचे गाइड आशुतोष सर म्हणाले होते, "मॉडेल उजेडाला फसता कामा नये आणि काळालाही. तीच माणसं पुन्हा पुन्हा घे." म्हणून तीच माणसं, तीच खुर्ची, तेच कपाट.

घेतलेल्या चित्रातून क्षिप्रा गालाचा, कपाळाचा एकेक तुकडा माउसने कापून काढायची आणि त्यातल्या रंगातून उजेड वजा करायची. वजा केल्यावर जे उरे त्याचा आलेखावर एक ठिपका पडे. असे हजारो ठिपके. त्यांचा एक पुंजका झाला होता आणि पुंजक्याभोवती तिने एक लंबवर्तुळ बसवलं होतं. आत पडेल ते कातडी, बाहेर पडेल ते इतर काहीही.

"म्हणजे गोरं-काळं असं काही नसतंच?" वैजयंतीबाईंनी एकदा भाजी निवडता निवडता विचारलं होतं.

"असतं गं, पण तो बराचसा उजेडाचा फरक. कोणाच्या अंगावरून उजेड जास्त परत येतो, कोणाच्या कमी. तो काढून टाकला की सगुणाबाई, तू, बाबा, बाबासो, सगळे एवढ्याशा जागेत येता."

"हे तुझ्या आजीला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं."

पेपरामागून मधुकररावांचं हसू ऐकू आलं होतं. लग्नाच्या वेळी त्यांच्या आईने 'मुलगी फारच सावळी' म्हणून चार दिवस तोंड फिरवलं होतं. आलेखात मात्र दोघांचे ठिपके एकमेकांत इतके मिसळले होते की क्षिप्राला बाबांचे निळे आणि आईचे हिरवे करून ते वेगळे ओळखावे लागत.

हाताची गोष्ट अशी. सकाळचा खिडकीतला उजेड निळसर, नंतरचा पिवळा, ट्यूबलाइटचा हिरवट. त्याने चित्रातले सगळेच रंग थोडे थोडे सरकायचे. प्रत्येक चित्रात एखादी वस्तू अशी हवी होती, जिचा रंग कायम आहे. ती पहिल्या दिवशी दिसली तशी दिसेपर्यंत अख्ख्या चित्राचे रंग मागे सरकवायचे, की बाकीचे रंगही जागेवर येतात. क्षिप्राने पांढरा कागद धरून पाहिला, तो कॅमेऱ्यात नुसता चमकायचा. तेव्हा मधुकररावांनी पेपर बाजूला ठेवून हात पुढे केला. "हा घे. साठ वर्षांत बदलला नाही."

न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटाकडची हिशेबाची नोकरी संपवून ते नुकतेच घरी बसले होते. दिवसभर करायचं काय हे त्यांना कळत नव्हतं आणि त्यांचं करायचं काय हे वैजयंतीबाईंना. रविवारची ही कामगिरी दोघांनाही मानवली होती. मधुकरराव शनिवारी रात्री नखं कापून ठेवत.

बिघाड पहिल्यांदा दिसला तो रंगपंचमीनंतरच्या रविवारी.

चित्र घेतल्यावर प्रोग्रॅम त्याचा एक काळा-पांढरा नकाशा काढायचा. जिथे कातडी असेल तिथे पांढरं, उरलेलं सगळं काळं. त्या नकाशात माणसं चमत्कारिक दिसायची. कपडे नाहीत, केस नाहीत, खोली नाही. काळोखात तरंगणारा एक चेहरा, डोळ्यांच्या जागी भोकं आणि शेजारी मनगटावर तुटलेला हात. क्षिप्राला त्याची सवय झाली होती. पण त्या रविवारी बाबासोंच्या कपाळावर भलंमोठं काळं भगदाड पडलं होतं.

"रंग राहिलाय तुमच्या तोंडाला."

"आवो ताई, चार टायमाला साबन लावला की. आता कातडं सोलू का?"

ती हसली. पण शालनच्या हनुवटीलाही खळगा होता, आणि शालन म्हणे ताप असल्यामुळे रंगपंचमीला घराबाहेरच पडली नव्हती.

पुढच्या रविवारी सगुणाचा जबडा गेला. सितारामकाकांच्या चेहऱ्याची फक्त एक बाजू उरली. मधुकररावांचा हात मात्र पहिल्या दिवसासारखाच, नखांच्या कडांपर्यंत स्वच्छ पांढरा. क्षिप्राने कॉलेजातून दुसरा कॅमेरा आणला, केबल बदलली, प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून तपासला. चूक सापडली नाही. जानेवारीतली चित्रं टाकली की सगळे चेहरे पूर्ण येत. मार्चमधली टाकली की तीच माणसं कुरतडल्यासारखी. रंगीत चित्रात पाहावं तर फारसं काही दिसत नसे. फक्त सगळे जण थोडेसे तांबूस वाटत, संध्याकाळच्या उन्हात बसल्यासारखे. फोटो सकाळचे होते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी नकाशात सगुणा उरलीच नाही. काळ्या पडद्यावर एकटा हात, बोटं जुळवलेली, कशाच्या तरी शेजारी धरलेला.

"मी बसून बघते," क्षिप्रा म्हणाली. "बाबा, डाव्या हाताने कळ दाबता येईल?"

ती खुर्चीत बसली. बाबांचा हात गालाजवळ आला. त्याची ऊब तिला जाणवत होती, साबणाचा वासही. कळ वाजली. मधुकरराव वाकून पडद्याकडे पाहत राहिले.

"तू दिसतच नाहीस गं."

तिने उठून पाहिलं. नाकाच्या शेंड्याजवळ एक पांढरा तुकडा होता, दुसरा डाव्या भुवईवर. हात मात्र ट्यूबसारखा लख्ख.

"वैजू," मधुकररावांनी हाक मारली, "जरा ये बघू. पोरीचं यंत्र रुसलंय."

वैजयंतीबाई पदराला हात पुसत आल्या, खुर्चीत बसल्या, सवयीने मान किंचित डावीकडे झाली. कळ वाजली. नकाशात त्यांचा चेहरा पूर्ण आला. कपाळ, गाल, हनुवटी, कानाच्या पाळ्यासुद्धा. जानेवारीत आला होता तसा.

"आई आहे तशीच आहे," क्षिप्रा म्हणाली. तिला बरं वाटलं आणि लगेच का कोण जाणे, वाटेनासं झालं.

"मी कुठे जाणार?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "कुकर ठेवलाय, उठू का?"

ते कोडं सुटलं एका गुरुवारी, भर दुपारी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आतल्या खोलीत आई-बाबा पंख्याखाली झोपले होते आणि क्षिप्रा आईचं शेवटचं रंगीत चित्र उघडून बसली होती. बाकी सगळे बदलले आणि एकच माणूस बदललं नाही, तर त्या माणसात काय आहे ते पाहावं, इतकाच विचार. आई हुबेहूब होती. क्षिप्राने ते चित्र जानेवारीतल्या चित्राशेजारी लावलं आणि चेहऱ्यावरून नजर हटवून ती सहज मागे पाहू लागली.

आईच्या मागचं कपाट तांबूस झालं होतं.

फार नाही. आतून गंज फुटू लागावा इतपतच. तिने सगुणाचं चित्र उघडलं, बाबासोंचं उघडलं, स्वतःचं. सगळीकडे कपाट तसंच. जानेवारीत हिरवट करडं, मग दर रविवारी किंचित तांबडं. ती उठली आणि खऱ्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली. हिरवट करडं. तिने त्याच्या दाराला हात लावला. पत्रा गार होता.

माणसांचं काहीही होऊ शकतं. ऊन लागतं, रक्त कमी होतं, माणूस घाबरतं. कपाटाला काय होणार?

ती परत टेबलाशी आली आणि तिने हाताऐवजी कपाट साक्षीला घेतलं. प्रत्येक चित्र उघडायचं, त्यातलं कपाट पहिल्या दिवसासारखं होईपर्यंत अख्खं चित्र सरकवायचं, मग ठिपके पुन्हा मांडायचे. सगुणा परत आली. बाबासोंचं कपाळ भरलं. शालन, सितारामकाका, सगळे जानेवारीत होते त्या जागी येऊन बसले. क्षिप्रा स्वतः आली. पांढरी, पूर्ण.

जागेवर नव्हता तो हात.

बाबांचे निळे ठिपके एका रांगेत निघाले होते. पौषातला सगळ्यात आत, त्याच्यापुढे माघातला, मग फाल्गुनातला. त्यांच्यातला तांबडेपणा दर रविवारी जरासा कमी होत होता. डोळ्यांना कळणार नाही इतका, पण चुकूनसुद्धा मागे न येता. आणि ती इतके दिवस त्या हातावरून जगाला मापत होती. हात स्थिर धरून बाकी सगळ्यांना तांबड्याकडे सरकवत होती. बाबांचा चेहरा हाताबरोबरच होता. ते कळण्यासारखं होतं.

पण निळ्या रांगेच्या अंगाला अंग लावून दुसरी एक रांग जात होती. हिरवी. तीच दिशा, तीच चाल. आई बदलली नव्हती असं नव्हे. ती बाबांबरोबर बदलली होती, म्हणून हातावरून पाहिलं की जागची हललेली दिसत नव्हती.

क्षिप्राने दोन्ही रांगा पुढे वाढवून पाहिल्या. करायला नको होतं, पण पट्टी समोर होती. याच चालीने गेल्या तर दिवाळीच्या सुमारास दोन्ही रांगा लंबवर्तुळाच्या बाहेर पडत होत्या. त्यानंतर प्रोग्रॅम त्या दोघांना कातडी म्हणणार नव्हता. खुर्चीत ते बसले असले तरी नकाशात तिथे काळं येणार होतं.

ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली. दोघं सतरंजीवर झोपले होते, पाठीला पाठ लावून. बाबांचा उजवा हात उशीवर होता, आईचा पोटाशी. पंख्याच्या वाऱ्याने आईचा पदर मधूनच हलत होता. क्षिप्रा वाकली. हातांना काहीही झालेलं नव्हतं. शिरा, सुरकुत्या, आईच्या अंगठ्यावरचा विळीचा जुना वण. तिने स्वतःचा हात त्यांच्या हातांजवळ नेला, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग आईने कूस बदलली तशी ती झटकन उभी राहिली, चोरी पकडल्यासारखी.

दोघांना तिने डॉक्टरांकडे नेलं ते बाबांच्या गुडघ्याचं निमित्त काढून.

"माझं कशाला?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

"दोघांचं एकदम होऊन जाऊ दे गं."

रक्त तपासलं, लघवी तपासली, यकृत, साखर, हिमोग्लोबिन. बाबांचा एक्स-रे झाला. सगळं जिथल्या तिथे. रिपोर्ट घ्यायला क्षिप्रा एकटीच गेली होती. तिने डॉक्टरांना घाबरत घाबरत आलेखाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वय झालं की कातडी बदलते," ते म्हणाले.

"सितारामकाका ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची नाही बदलली."

"मग तुझ्या मशीनलाच एखादी गोळी लिहून देतो." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, मला यात बोट ठेवायला जागा नाही. माणसं ठणठणीत आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. टेन्शन घेऊ नकोस."

पुढच्या रविवारी खुर्ची मांडली तेव्हा मधुकरराव नेहमीसारखे बाह्या सारून उभे राहिले.

"आता हात नको, बाबा. कपाटावर भागतंय."

त्यांनी हात मागे घेतला. बाबासो बसले, शालन बसली, सगुणा आली आणि गेली. मधुकरराव भिंतीशी उभे राहून सगळं पाहत होते. शेवटचं माणूस गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि ते क्षिप्राच्या शेजारी बसले.

"हाताचं काय बिनसलं?"

"काही नाही. थोडा सरकलाय."

"दाखव."

"बाबा, ते नुसते आकडे आहेत."

"जन्मभर आकडेच पाहिले मी. दाखव."

तिने आलेख उघडला. दुसरं काही सुचलं नाही. मधुकररावांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. त्यांनी निळ्या रांगेवर बोट ठेवलं आणि ते काचेवरून हळूहळू पुढे नेलं.

"हा मी."

"हो."

"निघालोय कुठे तरी."

क्षिप्राने माउस बाजूला सारला.

"आणि हे हिरवं?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वैजयंतीबाईंनी गॅस बारीक केल्याचा आवाज आला. मधुकररावांनी आवाज खाली आणला.

"वैजू का?"

तिने मान हलवली. त्यांनी बोट हिरव्या रांगेवरून टोकापर्यंत नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी होईल म्हणून क्षिप्रा वाट पाहत होती. पाणी आणायला उठावं का, असंही तिच्या मनात आलं.

"बरोबरीने चाललीय," ते म्हणाले.

"रिपोर्ट चांगले आहेत दोघांचे. डॉक्टर म्हणाले, काही नाहीये. माझीच कुठे तरी चूक असेल."

"असेल." त्यांनी स्टूल आणखी पुढे घेतलं. "पुढे कोण आहे?"

"म्हणजे?"

"दोघांत गं. पुढे कोण आहे?"

या मापाने पाहिलं तर दोन्ही रांगांची टोकं एकच वाटत होती. वेगळी दिसायला चित्र पुष्कळ मोठं करावं लागे. क्षिप्राने ते गुरुवारीच मोठं करून पाहिलं होतं. तिला ठाऊक होतं.

"तुम्ही," ती म्हणाली. "थोडेसे."

"नक्की?"

"हो."

मधुकररावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. त्यांचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर ओढून धरलेले होते हे क्षिप्राला तेव्हा कळलं.

"मला साधं दूध तापवता येत नाही," ते म्हणाले. "तुझी आई माहेरी जायची ना, तर मी चार दिवस उसळपावावर काढायचो. संध्याकाळी घरात दिवाच लावायचो नाही. बाहेरच्या बाहेर बसून राहायचो." ते उठले. स्टूल जागेवर ठेवलं. "तिला सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेईल."

एप्रिल तापला. प्रबंध टाइप करायला गेला. कपाटाच्या साक्षीने मॉडेल नीट चालत होतं आणि आशुतोष सर खूश होते. आई-बाबांची चित्रं क्षिप्राने त्यातून काढून टाकली होती. सरांनी कारण विचारलं, तेव्हा 'माप बरोबर घेतलं गेलं नाही' एवढंच म्हणाली. घरी मात्र दर रविवारी ती त्यांची चित्रं घेत राहिली. रांगा वाढत होत्या.

शनिवारी सकाळी वैजयंतीबाई गच्चीवर पोह्याचे पापड घालायला बसल्या आणि क्षिप्रा मदतीला गेली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आई लाटत होती. प्लास्टिकच्या कागदावर उन्हात क्षिप्रा एकेक पापड पसरत होती. खाली कोणाचा तरी रेडिओ चालू होता. खाडीकडून मिठाचा उग्र वास येत होता.

"बाबांना काय दाखवलंस तू?"

क्षिप्राने पापडाची घडी पडलेली कड सरळ केली. "कधी?"

"त्या रविवारी. तेव्हापासून शीळ घालत हिंडतायत घरभर. आणि मला शिकवणी चाललीय. गॅसचा नंबर कसा लावायचा, फ्यूज कसा घालायचा, लाइटचं बिल कुठल्या खिडकीवर भरायचं. काल मला स्क्रू ड्रायव्हर हातात दिला." त्यांनी पोळपाटावर पीठ भुरभुरवलं. "मी काही विचारलं नाही. माणूस इतका खूश दिसतोय तर कशाला विचारा?"

"तसं काही नाही गं."

"माझंही काही तरी आहे ना त्यात? मलाही नेलंस डॉक्टरांकडे. खुर्चीत बसले की माझ्याकडे कशी बघतेस ते कळतं मला."

लाटण्याचा आवाज थांबला नव्हता. क्षिप्राला वाटलं, तो थांबला असता तर खोटं बोलणं सोपं गेलं असतं.

"आहे," ती म्हणाली. "म्हणजे आकड्यांत आहे. खरं काही असेलच असं नाही."

"त्यांच्यासारखंच?"

"तसंच. बरोबरीने."

वैजयंतीबाईंनी पापड उचलून उजेडात धरला, कुठे जाड राहिलाय का पाहिलं आणि क्षिप्राच्या हातात दिला.

"पण दोघांत पुढे कोण?"

क्षिप्रा कागदावर पापड घालत होती. तिने तो सावकाश घातला, चारी बाजूंनी हलकेच दाबला. खाली रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. टाकीवर कावळा बसला होता, त्याच्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

"तू," ती म्हणाली.

"खरं?"

"हो. जराशी."

वैजयंतीबाईंनी पुढची लाटी घेतली. तिला तेलाचं बोट लावलं, पोळपाटावर ठेवली. लगेच लाटायला घेतली नाही.

"अहेव जाईन म्हणजे," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, बाजाराला जाईन म्हणावं तसं. "बरं झालं. बाबांना सांगू नकोस हं. त्यांना वाटेल, हिला घाई झालीय."

क्षिप्राने मान हलवली. वाऱ्याने कागदाचा कोपरा उचलला, तो तिने पायाच्या अंगठ्याने दाबून धरला.

"आणि तू गं?" लाटणं पुन्हा फिरू लागलं. "तुझी रांग कुठवर आली?"

"माझी रांग नाही. माझे सगळे ठिपके एकाच जागी आहेत."

"कुठे?"

"होते तिथेच. सगुणाबाई, बाबासो, त्या सगळ्यांच्यात."

लाटणं थांबलं. वैजयंतीबाईंनी मान वर करून लेकीकडे पाहिलं, खुर्चीत बसल्यावर कॅमेऱ्याकडे बघायच्या तसं नाही, जरा जास्त वेळ. मग पिठाने भरलेला हात तिच्या दंडाला लावून त्यांनी तिला टाकीच्या सावलीत ओढलं.

"किती वेळची उन्हात बसलीयस," त्या म्हणाल्या. "रापशील. इकडे सरक, माझ्याजवळ."

क्षिप्रा सरकली.